दर्शनाचं सातवं रीळ

मित्रांनो, माझ्या डब्यावर सात हा आकडा रंगवलेला आहे. एवढी एकच गोष्ट मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकतो. मी सिनेमाचं एक जुनं रीळ आहे. कोणत्या सिनेमाचं, असं कुणी मला तेव्हा विचारलं असतं, तर मी नुसतं इकडेतिकडे पाहिलं असतं. सातवं म्हटल्यावर माझ्या आधी सहा भावंडं असणार आणि नंतरही काही असणार. ती कुठे आहेत? गोष्ट सुरू कुठे झाली आणि संपली कशी? माझ्या वाट्याला मधली अकरा मिनिटं आली. तुम्हीच सांगा, एखाद्याला गोष्टीच्या मधोमध जन्माला घातलं, तर त्यानं काय करावं?

माझ्या अंगावर काय आहे ते आधी ऐका. एक मोठी नदी आहे, तिला पूर आलाय. काठावर एक बाई आजारी लेकरू छातीशी धरून उभी आहे. वैद्याचं घर पलीकडे. ती देवाचा धावा करते, तमिळमध्ये गाणं गाते. मग धुक्यातून एक नाव येते. नावाडी अंगानं किडमिडीत, डोक्याला फडकं, बंडी फाटकी. तो वल्हं खाली ठेवून हात पुढे करतो आणि बाईला कळतं, हा नावाडी नव्हे, हा तर देव! ती वाकून पाया पडते. नाव निघते आणि मी संपतो. लेकरू वाचलं की नाही, ते आठव्या रिळाला माहीत. मला कुणी सांगितलंच नाही हो.

तर असा मी मद्रासहून रेल्वेनं मुंबईला निघालो होतो. वाटेत कुठल्यातरी जंक्शनावर डब्यांची अदलाबदल झाली. दोन्ही डब्यांवर सातच आकडा, मग हमालाला तरी काय दोष द्यायचा? मला कळायच्या आत मी नगर जिल्ह्यात, भिमाजीशेठच्या तंबूत येऊन पडलो. भिमाजीशेठचं टुरिंग टॉकीज होतं. आज राहुरी, उद्या सोनई, परवा शिंगणापूर, जत्रा असेल तिथे तंबू. मध्ये दोरी बांधायची, एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. मशीन चालवायला याकोब. हा भिंगारचा, मिशनच्या शाळेत शिकलेला आणि छावणीतल्या थिएटरात मशीनचं काम शिकलेला. त्याचा हात मऊ होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

त्या दिवशी कोल्हारला दरोडेखोरांचा हिंदी पिक्चर लागला होता. सहाव्या रिळाच्या शेवटी नायकाला झाडाला बांधलेलं, दरोडेखोर बंदूक रोखून उभे, आणि नायकाची म्हातारी आई देवाला हाका मारतेय. याकोबनं सातवं रीळ म्हणून मला मशीनवर चढवलं. झालं! दरोडेखोर गेले, झाड गेलं, पडद्यावर एकदम नदी. बाई वेगळी, भाषा वेगळी. याकोब माझ्या डब्यावरचा आकडा पुन्हा पुन्हा बघू लागला. भिमाजीशेठ तंबूच्या मागच्या बाजूनं पळायची वाट शोधू लागले, कारण आता दगड येणार याची त्यांना खात्री होती.

दगड आला नाही. नावाडी दिसला, बाई त्याच्या पाया पडली. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं पाहून सगळ्यांनी काढल्या.

"ह्यो देव कशावरून? मुकुट न्हाई, काय न्हाई," कुणीतरी कुजबुजलं.

"बाई पाया पडली की," बायांतून गोजरबाईचा आवाज आला. ही कोल्हारचीच, शेतकऱ्याच्या घरची, तोंडानं फटकळ. "आई हाक मारील अन् देव यायचा न्हाई व्हय? गप बस."

मग आठवं रीळ लागलं. त्यात नायक मोकळा फिरत होता, कारण तो कसा सुटला ते खऱ्या सातव्या रिळात होतं आणि ते गेलं होतं मुंबईला. लोकांनी एकच जल्लोष केला. देवानं सोडवलं! कुणीतरी धावत जाऊन पडद्यापुढे नारळ फोडला. मी मात्र डब्यात पडल्या पडल्या चक्रावून गेलो होतो. मी कुणाला सोडवलं?

त्या दिवसापासून, मित्रांनो, भिमाजीशेठ कोणताही पिक्चर आणोत, सातव्या जागी मीच. प्रेमाचा असो, मारामारीचा असो, सहा रिळं झाली की नदी, नाव, नावाडी आणि पुन्हा आठवं रीळ. जाहिरातीच्या फलकावर खाली मोठ्या अक्षरात 'दर्शनासह' असं लिहायला लागले. दहा वर्षांत मी किती नायकांना संकटातून बाहेर काढलं आणि किती नायिकांची लग्नं जमवली याचा मला पत्ता नाही. माझी पाळी आली की मी बाहेर, संपली की डब्यात. आपण नक्की कोण, हे मला तेव्हा अजिबात कळत नव्हतं. पण लोक उठून उभे राहायचे तेव्हा बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

आणि मग कात्री आली. त्याचं असं झालं, की एका खेळाला मी ऐन दर्शनाच्या जागी तुटलो. याकोबनं पट्टीवरची फाटलेली दोन चित्रं कापून टाकली आणि मला जोडलं. ती दोन चित्रं गोजरबाईनं उचलून घरी देव्हाऱ्यात ठेवली. तिची नात तापानं फणफणली होती, तिचा ताप उतरला. झालं, दुसऱ्या दिवशी तंबूपुढे बायांची ही रांग! भिमाजीशेठ भोळा माणूस. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते कात्री घ्यायचे आणि नारळ घेऊन आलेल्या प्रत्येकीला दोन चित्रं कापून द्यायचे. देवाचं काम म्हणून मागे हटायचे नाहीत. मला दुखायचं, पण घेणारीच्या तोंडाकडे पाहिलं की रागवावं की हसावं तेच कळायचं नाही.

आता सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. देव माझ्यात होता जेमतेम चाळीस सेकंद. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

"मालक," याकोब एक दिवस म्हणाला, "देव संपत आलाय. आता नुस्ती बाईच उरंल."

"काय बोलतो याकोब! देव कुठं संपतो व्हय?" भिमाजीशेठ म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन कापली.

आणि देव खरंच संपला. धुक्यात नाव दिसायची, धक्का बसून गाणं अडखळायचं आणि लगेच बाई वाकलेली दिसायची. ती कुणाच्या पाया पडते, तेच दिसायचं नाही. तरी लोक उठून टोप्या काढायचे. मला वाटायचं, यांना दिसत कसं नाही? का मलाच दिसत नाही? बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा तर खडीच्या कामावरून बाया तशाच धुळीनं माखलेल्या यायच्या. प्रवरा कोरडीठाक पडलेली. माझ्यातलं पुराचं पाणी बघूनच त्या म्हणायच्या, "बघ गं, पानी बघ."

त्याच सुमाराला भिंगारच्या छावणीतला एक मद्रासी जवान सुट्टीच्या दिवशी खेळ बघायला आला होता. पिक्चर हिंदी, आजूबाजूला सगळी नगरी बोली आणि एकाएकी पडद्यावरून त्याच्या आईची भाषा ऐकू आली. तो ताडकन उठून उभाच राहिला. याकोबकडून त्यानं माझ्या डब्यावरचं कंपनीचं तमिळ नाव उतरवून घेतलं आणि त्या नावानं मद्रासला पत्र घातलं. त्या पत्रामुळे त्रेहत्तरच्या जानेवारीत, कोल्हारच्या देवीच्या जत्रेत, एक उंच म्हातारे गृहस्थ तंबूत येऊन उभे राहिले. पांढरी लुंगी, जाड भिंगाचा चष्मा, हातात कापडी पिशवी. नाव तिरुवेंगडम. भिमाजीशेठच्या तोंडात ते काही बसेना, म्हणून ते झाले तिरूअण्णा.

दुपारची वेळ होती. तंबूत ते आणि याकोब इंग्रजीत बोलत बसले आणि याकोब शेठला मराठीत सांगत होता. मी शेजारी डब्यात. तिथे मला माझी जन्मकथा ऐकायला मिळाली, तीही दोन भाषांतून गाळून आलेली, त्यामुळे मागचं पुढे झालं असेल तर मला माफ करा. तिरूअण्णा लहानपणी नाटक कंपनीत पडदा ओढायचे. मग मद्रासच्या स्टुडिओत उमेदवारी केली. सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर त्यांना दिग्दर्शन मिळालं. पहिला पिक्चर आपटला. दुसरा देवादिकांचा, तो शंभर दिवस चालला. मग ओळीनं तीन पौराणिक पिक्चर, गाडी, बंगला, दाराशी माणसांची रीघ. पण स्टुडिओच्या मालकाला प्रत्येक पिक्चरमध्ये तेच हवं. तोच मुकुट, तोच धूर, तेच नाच. अण्णांचं मन विटलं. त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ठरवलं, एकदा तरी देव साधा दाखवायचा. नावाड्यासारखा.

"मग?" भिमाजीशेठनं विचारलं.

याकोब म्हणाला, "देवाचं काम करनारा मोठा नट ऐन टायमाला रुसला. म्हनला, मुकुट न्हाई तर मी न्हाई. गेला निघून. मंग साहेब स्वतःच फडकं बांधून नावंत हुभं राहिलं."

मी डब्यात थिजलो. म्हणजे हा म्हातारा तो? माझ्या अंगावरचा नावाडी चाळिशीचा, ताठ. आणि हे तर वाकलेले. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

पिक्चर पडला. लोक म्हणाले, मुकुट नाही, हा कसला देव? कंपनी बुडाली. गाडी गेली, बंगला गेला. पुढे कुणी अण्णांना काम दिलं नाही. मूळ प्रत फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेच्या आगीत जळाली, बाकीच्या प्रती फिल्मवरची चांदी काढण्यासाठी उकळून टाकल्या. अण्णांनी गावोगाव फिरून एकेक करत चौदा रिळं मिळवली होती. मद्रासचा एक वितरक महाशिवरात्रीला ते चित्र लावायला तयार होता, पण पुरतं असेल तरच. पंधरा रिळांपैकी एकच नव्हतं.

"याच्यात माझी सगळी हयात आहे," तिरूअण्णा म्हणाले. याकोबनं ते मराठीत सांगितलं आणि स्वतःचेच डोळे पुसले.

भिमाजीशेठ माझ्या डब्यावरून हात फिरवत राहिले. दर्शनाचं रीळ गेलं तर तंबूत कुत्रंही फिरकणार नाही, हे त्यांना दिसत होतं. शिवाय कापून वाटलेल्या देवाचं काय सांगायचं, ही दुसरीच भीती होती. "उद्या बघू," ते म्हणाले. "आज खेळ बघा, अण्णा."

संध्याकाळी अण्णा बाप्यांमध्ये सतरंजीवर बसले. माझी पाळी आली. खरं सांगतो, मला चालूच नये असं वाटत होतं. नाव धुक्यात दिसली, गाणं अडखळलं, बाई वाकली. सगळा तंबू उभा राहिला, टोप्या निघाल्या, नारळ फुटला. तिरूअण्णाही उठले आणि तमिळमध्ये ओरडले, "तो कुठाय?" तंबूत ते फक्त मला कळलं.

खेळ अर्धा टाकून ते मशीनपाशी आले. मला उजेडापुढे धरून बोटांनी चाचपत गेले. जोड, जोड आणि जोड. त्यांनी याकोबला काहीतरी विचारलं.

"साहेब इच्यारत्यात, देव कुठं गेला?" याकोब म्हणाला.

भिमाजीशेठनं त्यांचे पाय धरले. "चुकलं, अण्णा. लोकांच्या देव्हाऱ्यात गेला. म्या माझ्या हातानं कापला. देव वाटला तर वाढंल असं वाटलं मला. मी अडानी मानूस. काय करू सांगा."

याकोबनं ते अण्णांना इंग्रजीत सांगितलं. अण्णांनी त्याला विचारलं, "देव्हाऱ्यात? मुकुट नसताना?"

"व्हय साहेब. रोज पूजा व्हती."

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतरानं डोळे पुसावेत तशी लुंगीची कड डोळ्यांना लावली. ते दुःखानं रडत होते की आणखी कशानं, मला सांगता यायचं नाही. मग ते याकोबला इतकंच म्हणाले, "तो मीच आहे, हे या लोकांना सांगू नका. मद्रासला मी नापास झालो. इथे तरी पास राहू द्या."

खेळ सुटताना शेठच्या सांगण्यावरून भोंगा हातात घेऊन याकोबनं पुकारा केला. "ऐका हो! ज्यांच्या घरी दर्शनाचा तुकडा आसंल, त्यांनी उद्या दुपारी तंबूवर आनावा. देवाला त्याच्या गावी जायचं हाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया आल्या. कुणी पदराच्या गाठीत, कुणी हळदीच्या डबीत, कुणी पोथीच्या पानात ठेवून तुकडे आणले. सगळ्या आल्या नाहीत. लांबच्या गावांना निरोप पोचला नव्हता, काहींनी नाही म्हटलं, काही जणी तुकडा द्यावा लागू नये म्हणून दार लावून बसल्या. गोजरबाई आधी तणतणत आली. "दिलेला देव माघारी मागत्यात व्हय? कोन हाय त्यो मानूस?" अण्णांना पाहून मात्र ती एकदम थांबली. त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि मग तिनं आपली दोन चित्रं त्यांच्या हातावर ठेवली.

सव्वीस बायांची बावन्न चित्रं जमली. सगळ्यांवर कुंकू, हळद, ओल्या गंधाचे ठिपके, कित्येक वर्षांचे. याकोब आणि अण्णा ब्लेडनं कडा खरवडून, सोल्यूशन लावून एकेक जोडत बसले. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, काही मेळ लागेना. कुठे देवाचा हात वर, लगेच खाली. मी आतून पार गोंधळून गेलो होतो, पण माझा माणूस मला परत मिळत होता.

संध्याकाळी मला चालवलं. आणि मित्रांनो, काय सांगू! मी तर काळं-पांढरं रीळ. नदी काळी-पांढरी, बाई काळी-पांढरी, आणि दोन सेकंदांपुरता देव आला तो लाल-पिवळा! कुंकवातून आणि हळदीतून उजेड गेला आणि पडदा पेटल्यासारखा झाला. सगळा तंबू उठून उभा राहिला. तिरूअण्णा सतरंजीवर उभे होते. त्यांनी सगळ्यांबरोबर हात जोडले. आपल्याच तोंडाला माणूस हात जोडतो का? जोडले, एवढं मी पाहिलं.

सकाळी निघायची तयारी झाली. भिमाजीशेठनं मला नव्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवलं. शेवटपर्यंत त्यांनी ना म्हटलं नाही. तेवढ्यात गोजरबाई आली.

"अन्ना," ती म्हणाली, "मागत न्हाई म्या. पन पाटंच्याला दिवा लावाया गेले, तर देव्हाऱ्यात जागा मोकळी. हात तिथंच थांबला बघा माझा. येकदा बघून जाते, मंग न्या."

अण्णांना भाषा कळली नाही, पण बोलताना तिनं हवेत थांबवून दाखवलेला हात कळला. त्यांनी डबा उघडायला लावला आणि कात्री मागितली.

याकोब घाबरला. "साहेब, दोनच सेकंद देव हाय! एकेक चित्र लाखाचं हाय. तिकडं तुमचा पिक्चर पडंल!"

"तिची दोन होती ना?" अण्णा म्हणाले. "एक तिचं, एक माझं. सगळ्यांना बोलवा."

त्यांनी स्वतःच्या हातानं कापलं. ज्या हातांनी मला कधीकाळी मद्रासच्या टेबलावर जोडलं होतं, त्याच हातांनी. प्रत्येक बाईला एक चित्र परत मिळालं. सव्वीस त्यांच्याकडे गेली, सव्वीस माझ्यात राहिली. "एक सेकंद राहील," ते याकोबला म्हणाले. "नदीकाठच्या त्या बाईला तो आलेला कळला पाहिजे. एक सेकंद पुष्कळ झाला." गोजरबाईनं तुकडा कपाळाला लावला आणि खाली वाकून अण्णांचे पाय धरले. अण्णा मागे सरकले. तिनं त्यांना ओळखलं, की वडीलधारा म्हणून पाया पडली, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

मद्रासला माझी चौदा भावंडं भेटली. आठव्या रिळात लेकरू पलीकडे पोचतं आणि वाचतं, हे कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वितरकानं चित्र पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा कसला घाण डाग? स्पिरिटनं धुऊन आणा, तर लावतो."

तिरूअण्णांनी मला उचलून छातीशी धरलं. "हे धुणार नाही," ते म्हणाले. मोठं थिएटर गेलं. गावाबाहेरच्या एका लहानशा थिएटरात, सकाळच्या खेळाला, आठ दिवस ते चित्र लागलं. लोकांना आवडलं की नाही, मला नीट कळलं नाही. पण रोज एक सेकंद पडदा लाल-पिवळा व्हायचा आणि रोज अण्णा मागच्या रांगेत बसून तेवढं बघून उठायचे. खेळ उतरल्यावरही घरी ते मला उजेडापुढे धरून तेवढं बघायचे, पण पुढच्या वर्षी अण्णा गेले. आता मी त्यांच्या घराच्या माळ्यावर असतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी कसं म्हणू? मला कापलं ते जपणाऱ्यांनीच, आणि मी उरलो तोही त्यांच्यामुळेच. माझं डोकं काही चालत नाही. फक्त एक ऐका. कधी माळा आवरताना सात आकड्याचा गंजका डबा तुमच्या हाती लागला, तर डबा खुशाल घासूनपुसून लख्ख करा. झाकण उघडा, मला उजेडापुढे धरा. पण माझ्यावरचं कुंकू पुसू नका.